मावशीचं लिहिणं सुधारायला गेले

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझी पद्धत ठाऊक आहे. आधी रस्ता, मग जेवण, मग मुक्काम आणि शेवटी खर्च. मध्ये मध्ये फोटो. गेली काही वर्षं मी असंच लिहीत आलेय आणि तुम्हीही न कंटाळता वाचत आलात. या पोस्टमध्ये फोटो नाहीत. का नाहीत ते खाली येईल.

कोल्हापूरला मी फिरायला गेले नव्हते. सुमनमावशीचा ब्लॉग सुरू करून द्यायला गेले होते.

सुमनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वारणानगरच्या एका शाळेच्या ऑफिसात तिने नोकरी केली, काका तिथेच कारखान्यात होते. काका गेले, ती रिटायर झाली आणि कसबा बावड्यात एका नव्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या घेऊन राहायला आली. तिथे तिला एक छंद लागला. आठवड्यातून एकदा सकाळी डबा भरायचा, एसटी स्टँडवर जायचं, समोर लागलेल्या गाडीत बसायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. गारगोटी, मलकापूर, निपाणी, गगनबावडा, कुठेही. परतीच्या गाडीत ती मोबाइलवर एका बोटाने सगळं लिहून काढते आणि घराजवळ उतरायच्या आधी पाठवून टाकते. घरी गेलं की कुकर लावायचा असतो, मग डोक्यातलं सगळं उडून जातं, असं तिचं म्हणणं.

हे मेसेज यायचे माझ्या फोनवर, पण असायचे आईसाठी. आईची नजर शुगरने गेली. उजेड आणि अंधार कळतो, समोर कुणी उभं राहिलं तर कळतं, बाकी काही नाही. संध्याकाळच्या चहाला ती आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि विचारते, "आला का सुमीचा?" आला असेल तर मी वाचून दाखवायचे. सुरुवात ठरलेली असायची. "आक्का, खिडकी मिळाली." मग डावीकडची की उजवीकडची ते, आणि मग अख्खा प्रवास. तशा दोघी फोनवरही बोलतात, पण फोनवर फक्त बीपीच्या गोळ्या आणि भाजीचे भाव असतात.

मी वाचून दाखवायचे आणि माझ्यातली ब्लॉगवाली आतल्या आत चुळबुळत राहायची. गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा एका बाईच्या पिशवीतून सुटलेली कोंबडी शोधायला अख्खी एसटी रस्त्यावर उतरली होती, ड्रायव्हरसकट. मावशीने ते असं लिहिलं होतं की आई हसून हसून चहा सांडून बसली. असं लिहिणारी बाई, आणि तिला वाचक किती, तर एक. तोही वाचणारा नाही, ऐकणारा. मला ती नासाडी वाटायची. अगदी हाच शब्द माझ्या मनात होता.

शिवाय मी शनिवारी ऑनलाइन वर्ग घेते, 'ब्लॉग कसा सुरू करावा' म्हणून. परक्या लोकांना शिकवते आणि घरचीच माणसं तशीच, हे मला बरं दिसेना. वर्षभर मावशीच्या मागे लागले. आई म्हणायची, "कशाला तिच्या मागं लागलीयास? लिव्हतीया की ती. अजून काय पायजे तुला?" मी म्हणायचे, आई, तुला नाही कळणार. शेवटी मावशीच कंटाळून म्हणाली, "ये बाई, काय करायचं ते करून जा. पण येताना आक्काचा चष्मा घेऊन ये." आईला आता चष्म्याचा काही उपयोग नव्हता. त्याची फ्रेम मावशीला हवी होती, आक्काची म्हणून.

शेजारच्या काकूंना आईकडे लक्ष द्यायला सांगून मी सकाळची गाडी पकडली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून कोल्हापूरला एसटी भरपूर आहेत, तिकीट काढून ठेवण्याची गरज सुट्टीच्या दिवसांतच पडते. महामार्गाचं काम ठिकठिकाणी चालू आहे, तेव्हा सहा तास धरून चाला आणि साताऱ्याच्या आधी पोटात काहीतरी ढकला. कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. तोडणीचे दिवस होते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, आणि ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसलेला. मी लॅपटॉप उघडून मावशीच्या ब्लॉगचा आराखडा करत होते. खिडकीला होते, पण बाहेर फार बघितलं नाही.

मावशी स्टँडवर घ्यायला आली होती. हातात पिशवी, पायात बूट. "काय पावणं, दमलासा काय?" म्हणून तिने माझी बॅग ओढून घेतली. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायका करतात तसं मावशीही स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणते, तेव्हा पुढे ते वाचून दचकू नका.

स्टँडसमोर शाहूपुरीच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो आणि रश्शाला कट म्हणतात. कट पुन्हा मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण पहिल्याच वाटीत माझ्या नाकातून पाणी आलं. मावशीने वेटरला हाक मारून दही मागवलं आणि म्हणाली, "पुण्याची हाय, संभाळून घ्या." मग शहर बसने कसबा बावडा. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, पण तिथला साखर कारखाना सुरू असेल तर शेवटचा तुकडा नाकानेच कळतो. मळीचा गोडसर आंबूस वास. मावशीला आता तो येतच नाही, मी विचारलं तेव्हा ती हसली.

तिच्या घरात दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत तुळस नाही पण मिरचीची रोपं आहेत. चहा झाल्यावर मी कामाला बसले. ब्लॉग उघडायला काही लागत नाही, हे माझ्या वर्गातल्यांना मी नेहमी सांगते. मेल आयडी हवा, नाव हवं, मनात विषय स्पष्ट हवा. मेल आयडी झाला. नावाला आम्ही अडलो.

"आक्काची खिडकी," मावशी लगेच म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, आक्का कोण हे लोकांना कसं कळणार? शोधणारा माणूस 'आक्का' टाकून शोधत नाही. 'एसटीने एक दिवसाची सहल' असं शोधतो."

"मग तसं ठेव."

"रागावलीस?"

"न्हाय गं. तुला त्यातलं कळतंय, मला काय कळतंय."

ब्लॉगचं नाव 'एसटीने भटकंती' ठेवलं. मावशीने ते पाटीवर लिहिल्यासारखं दोनदा वाचलं. रात्री जेवायला तिने मटण आणि पांढरा रस्सा केला होता. बाहेर हॉटेलांत तांबडा-पांढरा मिळतो तो सगळा बरा असतो, पण कुणाच्या घरी मिळत असेल तर तिथेच खा, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पोस्टसाठी सहल ठरली होती. कुठे जायचं ते मावशीनेच सांगितलं: वारणानगर. तिची सगळी नोकरी तिथे गेली, काका तिथेच गेले, आणि बावड्याला आल्यापासून ती एवढी गावं फिरली पण तिकडे एकदाही गेली नव्हती. मी म्हटलं, पहिल्या पोस्टला उत्तम. माझ्या डोक्यात मथळाही तयार झाला.

कोल्हापूर स्टँडवरून वारणानगरच्या गाड्या दिवसभर असतात, तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. गाडीत मावशीने खिडकीची जागा पकडली, पिशवी ठेवली आणि मग उठून मला म्हणाली, "तू बस हितं."

"अगं, तू बस. तुला लागते ना खिडकी."

"आज तू बस."

कंडक्टर ओळखीचा निघाला. "मावशी, आज कुठली फेरी?"

"वारणा. ही भाची हाय, पुण्यासनं आलीया. मला शिकवायला."

"तुम्हाला? तुमचं काय शिकायचं ऱ्हायलंय आणि?" असं म्हणून त्याने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं आणि तिकिटं फाडली.

पंचगंगेचा पूल मागे पडला, शिरोली गेली, गाडी वाठारला महामार्ग सोडून आत वळली. मी फोटो काढत होते. काच मळकी होती म्हणून ती सरकवून, हात बाहेर काढून. मावशी थोड्या वेळाने म्हणाली, "सांग की."

"काय?"

"काय दिसतंय ते."

"ऊस."

"आणि?"

मी पुन्हा बघितलं. "ऊसच आहे गं मावशी."

 ती जराशी पुढे झुकून माझ्या खांद्यावरून बाहेर बघत बसली. मला ते अवघडल्यासारखं झालं म्हणून मी थोडी मागे सरकले आणि पुन्हा फोटो काढायला लागले.

वारणानगर बघायला जाणाऱ्यांना सांगते, तिथे 'पॉइंट' नाहीत. साखर कारखाना, डेअरी, शाळा-कॉलेजं आणि सरळ आखलेले झाडांचे रस्ते. एका माणसाने डोक्यात धरलेलं गाव असावं तसं नीटनेटकं. श्रीखंड घ्या, ते चांगलं मिळतं, पण परतीला घ्या, नाहीतर उन्हात त्याचं पाणी होतं. दुपारचा डबा आम्ही शाळेच्या कुंपणाशी झाडाखाली खाल्ला. मावशीला वाटलं होतं ऑफिसात कुणीतरी ओळखेल. शिपायाने अदबीने विचारलं, "पावणं, कुणाकडं आलायसा?" मावशी म्हणाली, "कुणाकडं न्हाय, सावलीला बसलोय." तिने आपण कोण ते सांगितलंच नाही.

मग कामगारांच्या कॉलनीत गेलो. एकाला एक लागून बैठी घरं, पुढे हातभर अंगण. एका घरासमोर मावशी थांबली. फाटक उघडं होतं, दाराला नवा हिरवा रंग दिलेला. आतून एक तरुण बाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"कोण पायजे?"

"कोण न्हाय, बाळा. हितं ऱ्हायलो होतो आम्ही. लई वर्षं."

"मग बाहेर काय उभ्या? या की आत. च्या टाकतो."

मावशीने एक पाऊल फाटकाच्या आत टाकलं. दाराच्या चौकटीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या नळाकडे बघितलं आणि पाऊल मागे घेतलं. "न्हाय, ऱ्हाऊ दे. बस चुकंल."

बसला अजून भरपूर वेळ होता. स्टँडवर येऊन आम्ही बाकावर बसून राहिलो. मी विचारलं, "आत का नाही गेलीस?" तर म्हणाली, "गेलो असतो तर तिच्या भांड्यांत माझी भांडी शोधत बसलो असतो." मी मनात म्हटलं, हे वाक्य पोस्टमध्ये यायलाच हवं. मग म्हटलं, नको, फार खासगी होईल.

परतीच्या गाडीतही तिने मला खिडकी दिली. वाठार येईस्तोवर फोन हातात धरून नुसती बसली होती, मग एकदम लिहायला लागली. नाकाजवळ फोन, एक बोट. मध्येच थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा टकटक. पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा तिचं झालं आणि सवयीप्रमाणे तिचं बोट पाठवायच्या बटणाकडे गेलं.

"थांब, थांब," मी म्हटलं. "आता पाठवायचं नाही. आता ते ब्लॉगवर जाणार."

"आक्काला?"

"आई ब्लॉगवरच ऐकेल ना. मीच वाचून दाखवणार आहे, कुठे वाचायचं ते माझ्या हातात आहे."

तिने फोन माझ्याकडे दिला.

घरी आल्यावर मी तो मजकूर लॅपटॉपवर घेतला. पहिल्या दोन ओळी मला पाठ आहेत, त्या इथे देते.

"आक्का, आज खिडकी तुझ्या लेकीला दिली. तिच्या खांद्यावरनं जेवढं दिसतंय तेवढं सांगतो."

पुढे सगळं होतं. वाठारच्या वळणावरचं रसवंतीगृह बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलंय. शाळेतल्या घंटेचा आवाज बदललाय. आपल्या दाराला हिरवा रंग दिलाय आक्का, तुला आवडला नसता, पण पोरगी चांगली हाय, हात पिठानं भरले होते तिचे. आणि असंच पानभर.

मी वर्गात शिकवते तशी सुरुवात केली. पहिला परिच्छेद वाचकाला पकडणारा हवा, म्हणून वरच्या दोन ओळी गेल्या. मध्ये मध्ये 'आक्का' होतं ते सगळं गेलं. मजकुराचे तुकडे पाडून उपशीर्षकं दिली: कसे जाल, काय पाहाल, काय खाल. हिरव्या दाराच्या जागी "कामगार वसाहतीतील टुमदार घरे आवर्जून पाहावीत" असं आलं. माझ्या फोनमधले सहा फोटो घातले. मावशी शेजारी बसून भेंडी चिरत होती आणि मधून मधून पडद्याकडे बघत होती.

मी तिला समजावून सांगितलं. "मावशी, यात एक मुख्य गोष्ट लक्षात ठेव. लिहिताना नेहमी एकच वाचक डोळ्यांपुढे आणायचा. सगळ्या जगासाठी लिहायला गेलं की लिहिणं पसरतं. एका माणसाशी बोलल्यासारखं लिहायचं."

मावशीची सुरी थांबली. "मग मी काय करत हुतो?"

"तसं नाही. आपल्या ब्लॉगचा वाचक म्हणजे समज, पंचवीस-तीस वर्षांची मुलगी. नोकरी करते. शनिवार-रविवारी कुठेतरी जायचंय, फार खर्च करायचा नाही. तिच्याशी बोलायचं."

"मी तिला वळखत न्हाय," मावशी म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. भेंडी चिरून झाल्यावर तिने हात धुतले, चष्मा लावला आणि तयार झालेली पोस्ट शेवटपर्यंत वाचली. "झॅक झालंय," म्हणाली. "छापल्यासारखं." मला ते कौतुक वाटलं. मी बटण दाबलं. तिने फोनमधला आपला मेसेज पुसून टाकला, म्हणाली आता तिकडं गेलंय की, हितं कशाला.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी आम्ही शाहूपुरीत गेलो, आईच्या जुन्या फ्रेममध्ये मावशीच्या नंबरच्या काचा बसवायला. चष्म्याचं दुकान छोटं आणि मालक बोलका. काचा लावता लावता त्याने विचारलं, "वाचायला पायजे का लांबचं बघायला?"

"वाचायला," मी मध्येच म्हटलं. "मावशी ब्लॉग लिहितात."

"ब्लॉग म्हंजे?"

त्याने मावशीकडे बघत विचारलं होतं. मावशी आरशात फ्रेम सरळ करत होती. "हिचा हाय," ती म्हणाली. "नाव तेवढं माझं हाय."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, कुरकुरही नव्हती. दुकानदार हसला, मीही हसले आणि काचांचे पैसे दिले. आता ते सगळं आठवतं तेव्हा वाटतं, मी तिथे त्या काउंटरपाशीच लॅपटॉप उघडून ती पोस्ट काढून टाकायला हवी होती. त्या दिवशी अजून वेळ गेली नव्हती. पण मी तिला स्टँडवर नवीन पोस्ट कशी टाकायची ते आणखी एकदा दाखवलं, पायऱ्या आणि ती तीन शीर्षकं कागदावर लिहून दिली आणि गाडीत बसले. तिने खिडकीतून श्रीखंडाचा डबा आत दिला. "आक्काला थोडंच दे, शुगर हाय."

पुण्यात पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आईला मावशीची पोस्ट वाचून दाखवली. आवाजात चढउतार करून, उपशीर्षकांपाशी थांबून. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं हाय. पण सुमीचं कुठाय?"

"हेच तिचं. ब्लॉगवर असं लिहितात."

"खिडकी मिळाली न्हवती का?"

"मिळाली होती. तिने मला दिली."

आई खुर्चीत सरळ झाली. मग तिने मला जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्या दोघी लहानपणी आजोळी जायच्या तेव्हा एसटीत खिडकीची जागा एकच मिळायची. जाताना एकीला, येताना दुसरीला. भांडणं नकोत म्हणून त्यांच्या आईने नियम घालून दिला होता: जिला खिडकी, तिने बाहेरचं सगळं दुसरीला सांगायचं. काही गाळायचं नाही, आपल्या पदरचं घालायचं नाही. तोंड बंद झालं की जागा बदलायची. "माझी नजर गेली तेव्हा सुमी आलती हितं," आई म्हणाली. "मला म्हणाली, आक्का, आता खिडकी कायमची माझ्याकडं आली. मग सांगायला नको व्हय?"

मी पोस्ट बंद केली.

"तू बसलीस न्हवं खिडकीत," आई म्हणाली. "मग तू सांग की. काय दिसलं?"

मी फोन हातात घेतला होता. त्यात वारणानगरच्या रस्त्याचे चाळीसेक फोटो होते, सगळे सरळ, सगळे चांगल्या उजेडातले. मी ते आईला काय दाखवणार होते? आठवून आठवून म्हटलं, "ऊस होता." मावशीच्या त्या दोन ओळी तिला सांगितल्या, खांद्यावरनं बघून सांगतो म्हणालेल्या. "मग वाच की त्याच्या पुढचं," ती म्हणाली. हिरवं दार आठवलं, पिठाचे हात आठवले, रसवंतीगृह आठवलं. बाकीचं पानभर मला आठवलं नाही. मी ते खोडलं होतं आणि खोडताना नीट वाचलंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशीला फोन केला. म्हटलं, ब्लॉग राहू दे, तू आपलं पहिल्यासारखं आक्काला लिही. ती म्हणाली, बरं. पुढच्या आठवड्यात ती गारगोटीला जाऊन आली, आईला फोनवर म्हणाली तसं. मेसेज आला नाही. ब्लॉगवर मात्र तीन ओळी आल्या. कसे जाल, काय पाहाल, काय खाल, तीन शीर्षकं आणि प्रत्येकाखाली एक ओळ. मी दिलेल्या कागदाप्रमाणे, अगदी तंतोतंत. खाली कुणीतरी "उपयुक्त माहिती" असं लिहून गेलं होतं.

मी पुन्हा फोन केला. या वेळी जरा रडले, खोटं कशाला सांगू. मावशीनेच मला समजावलं. "तुझ्यावर राग न्हाय गं. मी बसतो लिव्हायला. आक्का म्हणून सुरवात करतो. पण लगीच ती तुझी पंचवीस वर्षांची पोरगी मधी येऊन बसती. तिला दार कुठल्या रंगाचं हाय त्याचं काय? मग पुसतो. सवय मोडली बघ." मग तिने आईची शुगर किती आली ते विचारलं आणि कोथिंबीर महाग झाल्याचं सांगितलं.

'एसटीने भटकंती' मी बंद केला. माझा शनिवारचा वर्ग चालू आहे, पण एका वाचकाचा तो धडा मी आता शिकवत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, तुमचं माणूस आधीच ठरलेलं असेल तर माझ्या वर्गाला येऊ नका. विद्यार्थ्यांना ती गंमत वाटते.

ही पोस्ट मी आधी आईला वाचून दाखवली. फोटो त्यासाठीच घातले नाहीत. कराडच्या पुढच्या ट्रॉल्या, स्टिअरिंगवर ताल धरणारा ड्रायव्हर, कंडक्टरची नजर, जेवढं ओढून काढता आलं तेवढं काढलं. आई म्हणाली, "चांगलं लिव्हतीस." सुमीच्या लिहिण्याला ती चांगलं कधीच म्हणाली नव्हती. ते ऐकताना ती नुसती मध्ये मध्ये विचारायची, "आणि?"

कोल्हापूरला जाणार असाल तर थंडीत जा, मिसळीबरोबर दही मागा, आणि वारणानगरच्या गाडीत खिडकी मिळाली तर शेजारी बसलेल्याला विचारा, काय दिसतंय ते सांगू का म्हणून. खर्च या वेळी लिहीत नाही.

मावशी अजून आठवड्यातून एकदा डबा भरून स्टँडवर जाते. आई रोज चहाला गॅलरीत बसते. कप हातात आला की विचारते, "आला का सुमीचा?"

मी मान हलवते. मग लक्षात येतं की तिला ते दिसत नाही, तोंडाने सांगावं लागतं.

"नाही, आई."

"बस चुकली असंल," आई म्हणते आणि चहा प्यायला लागते.